वहिनीचे २ रुपये ३६ पैसे

ग्रुपचं नाव होतं ‘एकमेकां साहाय्य करू’. तुकोबांच्या ओळीतलं पुढचं ‘अवघे धरू सुपंथ’ नावात घेतलेलं नव्हतं. जागा पुरली नसेल. मराठीत ब्लॉग लिहिणारी तीसेक माणसं होती त्यात. गडकिल्ल्यांवर लिहिणारे, एमपीएससीच्या नोट्स टाकणारे, शेतकरी योजनांची माहिती देणारे, आम्ही दोघी-तिघी पाककृतीवाल्या आणि एक कवी. कवींचा ब्लॉग सगळ्यांत देखणा आणि कमाई सगळ्यांत कमी.

दर रविवारी रात्री अ‍ॅडमिन आठवड्याचं वेळापत्रक टाकायचे. सोमवारी अमुक दोन ब्लॉग, मंगळवारी तमुक दोन. ज्याचा वार असेल त्याच्या ब्लॉगवर बाकीच्यांनी जायचं, एक लेख उघडायचा, सावकाश खाली सरकवत न्यायचा, दोन-तीन मिनिटं थांबायचं आणि मग मधल्या एखाद्या जाहिरातीवर क्लिक करायचं. जाहिरातदाराचं पान उघडलं की लगेच बंद करायचं नाही, तिथेही एखाददुसरं बटण दाबायचं. हे सगळं घरच्या वायफायवरून नाही, मोबाइल डेटावरून. झालं की ग्रुपवर ‘वाचलं, छान’ असं लिहायचं. ‘क्लिक’ हा शब्द ग्रुपवर लिहायला बंदी होती. त्यामुळे कुणी खरोखरच लेख वाचून ‘छान’ म्हणालं असेल तर ते कळायची सोयच उरली नव्हती. मला सगळ्यांत आधी खटकलं ते हे. पैशांचा विचार नंतर आला.

मी तिथे कशी पोचले ते सांगते. मी डोंबिवलीत राहते, माहेर चिपळूणचं. कोकणातल्या घरगुती पदार्थांवर मी बरीच वर्षं लिहिते आहे: कुळथाची पिठी, फणसाची भाजी, आंबोशीचं लोणचं, सातकापे घावन. ब्लॉगवर जाहिराती दाखवून ब्लॉगवाल्याला (तेव्हा बहुतेक क्लिकमागे) पैसे देणारी गुगलची अ‍ॅडसेन्स ही सेवा २००३ पासून आहे, पण मराठी लिहिणाऱ्यांना तिचा उपयोग बराच काळ नव्हता. हिंदीला २०१४ च्या अखेरीस प्रवेश मिळाला, मराठीला त्यानंतर काही वर्षांनी. मीही तेव्हाच अर्ज केला. कोडचा एक तुकडा ब्लॉगमध्ये चिकटवायचा, मग तपासणी, मग मंजुरी. मंजुरी आल्यावर पहिल्याच दिवशी माझ्या उकडीच्या मोदकांशेजारी गृहकर्जाची जाहिरात झळकली आणि मला उगाचच मोठं झाल्यासारखं वाटलं.

कमाई मात्र मुंगीच्या पावलाने. खात्यात १० डॉलर जमले की गुगल पत्ता तपासण्यासाठी टपालाने एक पिन पाठवतं. तो खात्यात भरल्याशिवाय पैसे मिळत नाहीत. पाकीट आलं तेव्हा सासूबाईंनी ते लांबूनच पाहिलं आणि “कोर्टाचं आहे का गं?” असं विचारलं. पुढचा टप्पा १०० डॉलरचा. तेवढे जमले की पुढच्या महिन्याच्या २१ ते २६ तारखेच्या दरम्यान रक्कम बँकेकडे रवाना होते. मराठी पानांवरच्या जाहिरातींचे दर पाहता १० पासून १०० पर्यंतचा रस्ता किती लांब असतो, हे ज्याने चालून पाहिलं आहे त्यालाच विचारावं. याच रस्त्यावर मला एका ओळखीच्या ब्लॉगर ताईंनी ग्रुपमध्ये घेतलं. “एकटीने किती वर्षं वाट बघणार?” असं म्हणाल्या. त्यांचा हेतू चांगलाच होता, आजही मी तसंच म्हणते.

मी क्लिक केलं नाही. त्यात तत्त्वाचा भाग फार नव्हता, भीतीचा होता. पिन भरून झाल्यावर मी अ‍ॅडसेन्सची नियमांची पानं पहिल्यांदा नीट वाचली होती. स्वतःच्या जाहिरातीवर क्लिक करायचं नाही हे ठाऊक होतं. त्यापुढचं ठाऊक नव्हतं. वाचकांना क्लिक करायला सांगणं तर सोडाच, ‘आम्हाला पाठिंबा द्या’ अशी ओळ जाहिरातीजवळ लिहिणंही नियमात बसत नाही. जाहिरातीकडे बोट दाखवणारा बाण काढला तरी चालत नाही. आपल्याच पानावर दिसलेली वस्तू आपल्याला खरोखर हवी असेल, तर त्या दुकानाचा पत्ता वेगळा टाइप करून तिथे जावं, इथपर्यंत सांगितलं आहे. आणि एकमेकांच्या जाहिराती ठरवून दाबणं हे तर थेट अवैध क्लिकमध्ये जमा. खातं कायमचं बंद होऊ शकतं आणि साठलेली कमाई जाहिरातदारांना परत केली जाते.

मी हे ग्रुपवर मांडलं. उत्तर आलं ते ग्रुपमधल्या काकांकडून. बँकेतून निवृत्त, शेअर बाजारावर फार सोप्या मराठीत लिहायचे आणि मनापासून लिहायचे. ते म्हणाले, “हे बघा, नियम कंपनीने कंपनीच्या सोयीसाठी केलेत. आपण काही यंत्र लावून क्लिक करत नाही. आपण जिवंत माणसं आहोत, लेख उघडतो, जाहिरात बघतो, अर्धा मिनिट तिथे घालवतो. टीव्हीवर जाहिरात लागते तेव्हा तुम्ही दर वेळी साबण विकत घेता का? आणि पैसे कुणाचे जातात? मोठमोठ्या कंपन्यांचे. त्यांच्या जाहिरातीच्या बजेटमधून चार दाणे मराठी लेखकाच्या ताटात पडले तर कुणाचं काय बिघडलं?”

मला यावर लगेच काही सुचलं नाही. मराठीत लिहिण्याचे पैसे मिळत नाहीत, हे दुखणं तर माझंही होतं. दिवाळी अंकाला लेख दिला तर अंक आणि शुभेच्छापत्र येतं, मानधनाचं बघू असं ऐकू येतं. शेवटचा तो ‘मोठमोठ्या कंपन्यांचे’ हा मुद्दा मात्र मला तेव्हा बिनतोड वाटला होता. मी “पिन नुकताच भरलाय, मला इतक्यात नको” एवढंच म्हणून गप्प बसले.

मग एप्रिलमध्ये वहिनीचा फोन आला.

वहिनी चिपळूणला कुळथाचं पीठ, मेतकूट, आमसुलं, आंबोशी आणि फणसपोळी करून विकते. माझ्या भाच्याने तिला वेबसाइट करून दिली होती. मुंबई-पुण्याकडच्या ऑर्डरी वाढाव्यात म्हणून गुगलवर जाहिरात द्यायची होती. “तुझ्या ब्लॉगवर जाहिराती येतात ना, मग तुला कळत असेल सगळं,” असं तिचं तर्कशास्त्र. जाहिरात दाखवणं आणि जाहिरात देणं ही दोन वेगळी टोकं आहेत, हे मी तिला सांगितलं नाही, कारण मलाही उत्सुकता होती.

एका रविवारी मी, भाचा आणि फोनवर वहिनी असे बसलो आणि गुगल अ‍ॅड्समध्ये खातं उघडलं. पहिला प्रश्न आला की जाहिरात कुठे दाखवायची. कुणी काही शोधत असताना निकालांच्या वर दाखवायची की इतरांच्या वेबसाइटवर चित्रासकट दाखवायची. चित्रवाला क्लिक स्वस्त होता, रुपया-दोन रुपयांत पडत होता. वहिनीला चित्र हवंच होतं, फणसपोळीचा फोटो फार छान आला होता. मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक निवडलं. विषय खाद्यपदार्थ. रोजचे १५० रुपये. शेवटी बोलीची पद्धत, म्हणजे या पैशांत यंत्राने नेमकं काय मिळवायचं ते विचारलं, तेव्हा भाच्याने ‘जास्तीत जास्त क्लिक’ हा पर्याय निवडला. तो ऐकायला इतका शहाणपणाचा वाटतो की दुसरं काही निवडावं असं कुणालाच वाटणार नाही. जाहिरातीच्या पैशांवर १८ टक्के जीएसटी वेगळा. वहिनीने यूपीआयने पैसे भरले आणि देवाला नमस्कार केला.

क्लिक धो-धो आले. पहिल्या काही दिवसांत रोजचे दीडशे रुपये दुपारी जेवायच्या आतच संपायला लागले. ऑर्डरी दोन आल्या, त्यातली एक दादाच्या मित्राची. वहिनी आधी खूश, मग गोंधळलेली, मग फोनवर जरा थंड. “अगं, एवढी माणसं दुकानात येतात आणि कुणी पिशवीसुद्धा उघडत नाही. माझे दर जास्त आहेत का?” तिने मेतकुटाचा भाव दहा रुपयांनी उतरवला. हे मला लागलं. पाटा-वरवंट्यापासून चक्कीपर्यंत सगळा हिशेब करून तिने तो भाव ठरवलेला होता.

गुगल अ‍ॅड्समध्ये एक अहवाल मिळतो, आपली जाहिरात कुठे कुठे दिसली याचा. वेबसाइटचं नाव, किती वेळा दिसली, किती क्लिक, किती खर्च. मी तो उघडला आणि खर्चाच्या क्रमाने लावला. वरच्या ओळी वाचताना आधी काहीतरी ओळखीचं वाटलं, मग लख्ख कळलं. गडकिल्लेवाले. शेतकरी योजना. पाककृतीवाल्या एक ताई. काका. एरवी अशी चित्राची जाहिरात शंभर वेळा दिसली तर एक क्लिक मिळणंही कठीण. या पानांवर शंभराला बारा-चौदा क्लिक पडत होते. आणि यंत्राला आम्हीच सांगितलं होतं, जास्तीत जास्त क्लिक आण. ते बिचारं इमानाने जिथे क्लिक पिकतात तिथेच वहिनीचे पैसे नेऊन ओतत होतं.

यादीत चौथा माझा ब्लॉग होता.

मी कुणाच्या जाहिरातीवर क्लिक करत नव्हते, पण अ‍ॅडमिननी माझं नाव मंगळवारी घातलं होतं. पिन आला, आता सुरुवात करू, एवढ्याच आपुलकीने. मी वेळापत्रक उघडूनही पाहत नव्हते. मला त्या महिन्यात कमाई थोडी वाढलेली दिसली होती आणि आंब्याचा मोसम म्हणून वाचक वाढले असतील अशी मी समजूत करून घेतली होती.

मग मी रद्दीतल्या एका कागदाच्या पाठीमागे हिशेब केला. समजा क्लिक दोन रुपयांना. जीएसटी धरून वहिनीच्या खिशातून गेले २ रुपये ३६ पैसे. अ‍ॅडसेन्समध्ये तेव्हा लेखाच्या पानावरच्या जाहिरातीचा ६८ टक्के वाटा ब्लॉगवाल्याला मिळायचा, म्हणजे माझ्या खात्यात आला १ रुपया ३६ पैसे. चिपळूणच्या घरातून डोंबिवलीच्या घरात सव्वा-दीड रुपया आणायला आम्ही एक रुपया वाटखर्च दिला होता, तोही अशा माणसाच्या बोटाने ज्याला कुळीथ नकोच होते. मित्राचा धंदा व्हावा म्हणून त्याच्या रिक्षातून गावभर हिंडायचं आणि भाडं कोपऱ्यावरच्या भाजीवालीच्या खात्यावर लिहायचं, असा हा प्रकार. काकांच्या त्या ‘मोठमोठ्या कंपन्यां’त माझी वहिनी बसत होती, दिवसाला दीडशे रुपयांची कंपनी.

गुगल हे सगळं डोळे मिटून पाहतं असंही नाही. जाहिरातदाराच्या खात्यात ‘अवैध क्लिक’ असा एक रकाना असतो, तो मुद्दाम उघडावा लागतो. वहिनीच्या खात्यात त्यात आकडे होते, म्हणजे काही क्लिक चाळणीत अडकले होते आणि त्यांचे पैसे लागले नव्हते. महिना संपल्यावर माझ्याही अ‍ॅडसेन्समध्ये कमाईखाली वजावटीची एक ओळ आली, अवैध रहदारीपोटी. दोन्ही टोकांची खाती एकाच टेबलावर उघडून बसण्याचा योग फार लोकांना येत नसेल. मोबाइल डेटावरून, तीन मिनिटं थांबून, सावकाश केलेले क्लिक मात्र चाळणीतून बरेच निसटले होते. ग्रुपचे नियम कुणीतरी अभ्यास करूनच लिहिले होते.

हे दुखणं जुनं आहे. २००४ साली टाइम्स ऑफ इंडियात बातमी आली होती, भारतात घरबसल्या पैसे घेऊन जाहिरातींवर क्लिक करणाऱ्या गृहिणी आणि पदवीधरांची. पुढे अमेरिकेत अर्कान्सासमधल्या लेन्स गिफ्ट्स नावाच्या भेटवस्तूंच्या दुकानाने अशाच खोट्या क्लिकच्या पैशांवरून दावा लावला आणि २००६ मध्ये गुगलने ९ कोटी डॉलरपर्यंतची तडजोड केली, बरीचशी जाहिरातींच्या क्रेडिटच्या रूपात. दावा लावला तो कुठल्या साबणाच्या बलाढ्य कंपनीने नव्हे, भेटवस्तूंच्या दुकानाने, हे वाचताना मला फार भिडलं.

आणखी एक गोष्ट कळली, जी ग्रुपमध्ये कुणाला ठाऊक नव्हती. २००४ पासूनच गुगलने अशी व्यवस्था केली होती की एखाद्या पानावरचे क्लिक पुढे विक्रीत उतरत नसतील, तर त्या पानावरच्या क्लिकची किंमतच कमी लावायची. म्हणजे आम्ही जितके जास्त पोकळ क्लिक करू तितका आमच्या पानाचा भाव पडणार. मराठी पानांना दर मिळत नाहीत अशी तक्रार करत आम्ही तीस जण दर सोमवारी-मंगळवारी मराठी पानांचा दर खाली ओढत होतो. इतकं चोख उलटं काम ठरवूनही करता येणार नाही.

मी अहवालाचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकला, ब्लॉगची नावं झाकून. वरती एवढंच लिहिलं की हे माझ्या वहिनीचं खातं आहे, हे तिचे पैसे आहेत, आणि मंगळवारचं माझं नाव काढा. बराच वेळ शांतता. मग दोघं-तिघं काही न बोलता बाहेर पडले. एकीने विचारलं, “नावं झाकलीत पण तुम्हाला दिसली ना? आमचं नाव आहे का?” अ‍ॅडमिन म्हणाले की हा विषय ग्रुपच्या उद्देशाबाहेरचा आहे.

काकांनी रात्री फोन केला. ते खरोखर अवघडले होते. “पण ती तुमच्या वहिनीची जाहिरात आहे हे आम्हाला कसं कळणार? आधी सांगितलं असतं तर आम्ही ती सोडून दुसरी दाबली असती.”

मी म्हटलं, “काका, दुसरीही कुणाची तरी वहिनीच आहे.”

ते हसले, मग म्हणाले, “हो, पण ती माझी ओळखीची नाही ना.” आणि मग स्वतःच गप्प झाले. बँकेत आयुष्य गेलेला माणूस. कुणाच्या खात्यातून कुणाच्या खात्यात काय गेलं हे त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती. त्यांनी ग्रुप सोडला नाही, पण वेळापत्रकातून नाव काढून घेतलं. कवी कधीच कुणाच्या जाहिरातीवर क्लिक करत नव्हते असं पुढे कळलं. त्यांना जाहिरात कुठली आणि लेख कुठला हेच नीट ओळखू येत नसे.

वहिनीचं काम मात्र दुरुस्त करायचं होतं. मी आणि भाच्याने आधी त्या अहवालातल्या सगळ्या ब्लॉगना वगळलेल्या जागांच्या यादीत टाकलं. संशयास्पद क्लिकची तपासणी करा असा एक अर्ज गुगल अ‍ॅड्सकडे करता येतो, तोही तारखा लावून भरला. मग चित्राची जाहिरात बंदच केली. शोधणाऱ्यांना दिसणारी साधी अक्षरांची जाहिरात घेतली, ‘कुळीथ पीठ ऑनलाइन’, ‘घरगुती आमसूल’, ‘फणसपोळी चिपळूण’ अशा शब्दांवर. क्लिक महाग पडायला लागला, दिवसाला मोजके यायचे. वहिनीला आधी ते फार वाईट वाटलं, दुकान ओस पडल्यासारखं. पण आलेला माणूस पिशवी उघडत होता. मे संपेपर्यंत आंबोशी संपली आणि मेतकुटाचा भाव परत वर गेला.

ग्रुप अजून आहे, मी नाही त्यात. २०२४ च्या सुरुवातीपासून अ‍ॅडसेन्सने क्लिकऐवजी जाहिरात दिसण्यावर पैसे मोजायला सुरुवात केली, तेव्हा मला वाटलं आता हा खेळ संपेल. मला ग्रुपमध्ये घेणाऱ्या ताई सांगत होत्या की आता वेळापत्रकात क्लिक नसतो, पान उघडून ठेवायचं असतं, दोन-चारदा. ‘वाचलं, छान’ तेवढं तसंच आहे.

मला कुणी लिहिणाऱ्याने विचारलं, एकमेकांच्या पानावरच्या जाहिरातीवर क्लिक करावं का, तर मी म्हणते की वस्तू हवी असेल तर खुशाल करा, नको असेल तर लेख वाचा आणि त्यात काय चुकलंय ते कळवा. मला परवा एका वाचकाने कळवलं की सातकापे घावनात मी नारळाचं प्रमाण दुप्पट लिहिलंय. त्याचा मला काही रुपया-सव्वा रुपया मिळाला नाही, पण त्याने लेख खालपर्यंत वाचला होता.

गेल्या वर्षी मी कुळथाच्या पिठीवर नव्याने लिहिलं आणि पहिल्याच परिच्छेदात स्पष्ट लिहिलं की हे पीठ माझी वहिनी विकते, हा तिचा नंबर, नात्यातली आहे हे लक्षात घेऊन घ्यायचं तर घ्या. वहिनी म्हणते त्या लेखावरून येणारी गिऱ्हाइकं फोनवर फार बोलतात, पण घेतात. भाच्याने मध्ये विचारलं, वगळलेल्या यादीतून मावशीचा ब्लॉग आता काढू का? वहिनी म्हणाली, “कशाला? तिच्याकडची माणसं फुकट येतायत की.”